खून का सौदा नव्हे, वारसांचा हक्क

आपल्याकडे घरातला माणूस अचानक गेला की सांत्वनाला येणाऱ्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: "अल्लाह की मर्जी." या वाक्यात मोठा आधार आहे. त्याशिवाय त्या घराने पहिली रात्र कशी काढली असती? पण याच वाक्याच्या आडोशाला बऱ्याचदा दुसरा एक प्रश्न झाकला जातो. मरण अल्लाहच्या हाती, हे खरे. मग ब्रेक नसलेला ट्रक कोणाच्या हाती होता? कारखान्यातला गळका वाल्व कोणाच्या देखरेखीखाली होता? हा प्रश्न विचारणारा तरुण असला तर वडीलधारी मंडळी त्याला गप्प करतात. "आता काय मय्यतीचे पैसे करायचे? खून का सौदा करायचा का?" असे म्हटले जाते आणि विषय संपतो.

विषय मात्र संपत नाही. चाळिसावा होतो, जेवणाच्या पंगती उठतात आणि मागे राहते एक विधवा, तिची दोन-तीन लेकरे आणि उधारीची वही. या लेखात मला त्या घराच्या कायदेशीर हक्काचा इतिहास सांगायचा आहे, आणि तोही आपल्या जळगाव-धुळ्याच्या मातीतून. कायदा मुंबई-दिल्लीत होतो. पण त्याची परीक्षा यावल, साक्री, पाचोरा आणि शिरपूर इथेच होते.

रेल्वेच्या आधी आलेला कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी न्यायाचे एक विचित्र सूत्र होते: माणूस मेला की त्याचा दावाही मेला. कोणाच्या निष्काळजीपणाने तुमचा हात तुटला तर तुम्ही भरपाई मागू शकत होता. तुम्ही मेलात तर तुमच्या बायकोमुलांना काहीच मागता येत नव्हते. म्हणजे जखमी करण्यापेक्षा ठार करणे स्वस्त! इंग्लंडमध्ये रेल्वे आली, अपघात वाढले आणि १८४६ साली तिथे हा नियम कायद्याने मोडला. हिंदुस्थानात त्याच धर्तीवर १८५५ चा तेरावा कायदा झाला. फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट हे त्याचे आजचे नाव. दुसऱ्याच्या चुकीने मेलेल्या माणसाची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी नुकसानभरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला. आजी-आजोबा, नातवंडे आणि सावत्र मुले यांनाही त्याने या व्याख्येत घेतले.

खानदेशात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ त्यानंतर, १८६० च्या दशकात आले. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही स्थानके त्याच मार्गावरची. म्हणजे आपल्या भागात रेल्वेच्या आधी कायदा पोचला होता. पण कागदावर पोचला, घरात नाही. दिवाणी दावा करायचा, वकील द्यायचा, कोर्ट फी भरायची आणि पुरावाही आपणच गोळा करायचा, हे रुळांवर गिट्टी टाकणाऱ्या मजुराच्या विधवेला कसे जमावे? शिवाय मुदत फक्त एका वर्षाची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ती दोन वर्षे केली. हक्क आणि त्या हक्कापर्यंत जाणारी वाट, यांतले हे अंतर पुढच्या सगळ्या इतिहासाचा कणा आहे.

जिन, गिरणी आणि अडीच हजार रुपये

कापसाने खानदेशाला पैसा दिला तसे यंत्रही दिले. १८७० च्या दशकात जळगावात सूतगिरणी उभी राहिली आणि गावोगाव जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. पण तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिन हंगामी, म्हणून बहुतेक सुटले. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनमध्ये बायामाणसे हंगामात रात्रंदिवस कशी राबतात, याच्या साक्षी नोंदल्या गेल्या. झोपेने डोळा लागलेल्या माणसाचा हात पट्ट्यात जाणे, हे अपघातापेक्षा कामाच्या तासांचे फळ होते. तरी मेलेल्याच्या घराला मालक देईल ते, आणि नाही दिले तर काहीच नाही.

हे बदलले १ जुलै १९२४ रोजी. त्या दिवशी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा अमलात आला. त्याची खरी क्रांती एका मुद्द्यात होती: मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. कामामुळे आणि कामावर असताना मृत्यू झाला एवढे दाखवले की पुरे. दिवाणी कोर्टाऐवजी कमिशनर नेमले गेले, आणि मृत्यूची रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हातात न देता कमिशनरकडे भरायची असे ठरले. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन विधवेला बोळवण्याची चाल त्यामुळे कायद्यापुरती तरी बंद झाली. रक्कम किती होती? तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतले जे कमी ते.

पुढे हिशोब बदलत गेला. अलीकडचे सूत्र असे: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसासाठी हा आकडा २०७.९८ आहे. मजुरी कितीही असली तरी हिशोबात किती धरायची याला मर्यादा होती. ती ३ जानेवारी २०२० पर्यंत महिना ८,००० होती, नंतर १५,००० झाली. म्हणजे पूर्ण मर्यादेइतकी मजुरी असलेल्या तीस वर्षांच्या कामगाराच्या घराला आधी ८ लाख ३१ हजार ९२० रुपये आणि नंतर १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तो ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. किमान तेरा माणसे गेली. मर्यादा वाढायला तेव्हा अवघे चार महिने बाकी होते, आणि हिशोब अपघाताच्या तारखेच्या कायद्याने होतो. एका तारखेने घराचे सात लाख रुपये कसे हलतात, ते यावरून दिसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. चूक सिद्ध न करता भरपाई हे तत्त्व तिथेही कायम आहे. कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, आता संहितेतच धरला आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या घराला जुन्या कायद्याखालीही हाच न्याय दिला होता. तो पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये कामावर जाताना रस्त्यात गेला. कमिशनरने दिलेले ३ लाख २६ हजार १४० रुपये घराला मिळावेत हा अंतिम शब्द यायला बावीस वर्षे लागली.

किनगावचा ट्रक

फेब्रुवारी २०२१ च्या मध्यावर यावल तालुक्यातल्या किनगावजवळ मध्यरात्री पपईने भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून घरी निघालेले रावेर तालुक्यातले मजूर खाली दबले. किमान पंधरा जण गेले. त्यांत बायका होत्या, मुले होती, आपल्या मोहल्ल्यातली नावे होती. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मदत निधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर झाले.

जाहीर होणारी ही रक्कम सानुग्रह असते. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेली. ती घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण तो हक्काचा हिशोब नव्हे, आणि ती घेतल्याने हक्क संपत नाही. आपल्या लोकांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. फोटोसह चेक मिळाला की प्रकरण मिटले असे वाटते.

खरा प्रश्न पुढे असतो. मोटार अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती अधिक पक्की झाली. पण मालवाहू गाडीत बसलेला माणूस नेमका कोण, यावर विम्याचे पैसे अवलंबून असतात. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालगाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याला संरक्षण आहे. गाडीवरचा मजूर असेल, तर किनगावच्या वेळी लागू असलेल्या कलम १४७ प्रमाणे कामगार भरपाईच्या कायद्याइतकी जबाबदारी विम्यावर येत होती. म्हणजे पंचनाम्यात "मजूर, माल भरण्या-उतरवण्याच्या कामावर" लिहिले की "प्रवासी" लिहिले, या दोन शब्दांत घराचे भवितव्य ठरू शकते. रात्री दोन वाजता हवालदाराला जबाब देणाऱ्या भावाला हे कोणी सांगितलेले असते?

हक्काचा हिशोब किती वेगळा असतो, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. धुळ्यातला समजा तीस वर्षांचा यंत्रमाग कामगार महिन्याला १२,००० कमावतो आणि दुसऱ्याच्या गाडीखाली येऊन मरतो. घरात बायको, दोन मुले आणि आई. २००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी हिशोबाची रीत ठरवून दिली आहे. वर्षाची कमाई १,४४,०००. पुढे ती वाढली असती म्हणून ४० टक्के जोडायचे, झाले २,०१,६००. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १,५१,२००. या वयाला गुणक १७. एकूण २५ लाख ७० हजार ४०० रुपये, दफनखर्च वगैरे वेगळे. दोन लाखांच्या चेकपुढे हा आकडा ठेवून पाहा. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात. आधी ही रक्कम २५,००० होती.

दवाखान्यातला मृत्यू

डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यांचा आपल्या राज्यातला इतिहास मे १९५३ मधल्या एका मृत्यूपासून सांगतात. कोकणातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. पुण्याच्या दवाखान्यात पुरेशी भूल न देता हाड बसवताना त्याला धक्का बसला आणि तो गेला. वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणूनच काय झाले ते त्यांना समजले. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली निकाल कायम केला, भरपाई तीन हजार रुपये. डॉक्टर बापाला पंधरा वर्षे लागली, तर अंगठाबहाद्दराचे काय?

त्याचे उत्तर औरंगाबादने दिले. जुलै १९६३ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतीण झालेल्या एका बाईच्या पोटात नसबंदीच्या शस्त्रक्रियेवेळी कापडाचा बोळा राहिला आणि ती गेली. खालच्या न्यायालयाने घराला ३६,००० रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्याच्या निकालात एक मुद्दा असा होता की रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम, म्हणून सरकार जबाबदार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी हे म्हणणे फेटाळून ३६,००० रुपये परत मिळवून दिले. जन्मलेले मूल तोवर बत्तीस वर्षांचे झाले असेल.

त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर १९९५ मध्ये, पैसे घेऊन उपचार करणारे दवाखाने ग्राहक कायद्याखाली येतात असा निकाल झाला होता. जळगाव आणि धुळे इथल्या जिल्हा ग्राहक आयोगांचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला. तिथे मुदत दोन वर्षांची आहे. पण सगळ्यांना मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय त्यात बसत नाही, आणि गरीब माणूस तर तिथेच जातो! त्याच्यासाठी दिवाणी दावा किंवा घटनेच्या एकविसाव्या कलमाखाली उच्च न्यायालय, हे मार्ग उरतात. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेली एक वृद्ध कोविड रुग्ण आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. कुटुंबाने मात्र निलंबनावर समाधान मानले नाही, ते उच्च न्यायालयात गेले. अधिकाऱ्याला शिक्षा आणि घराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कुटुंबाने ओळखले होते.

रुळांवर आणि रस्त्यावर

२२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधले प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान बारा जण गेले. त्यांत पोटासाठी मुंबईला निघालेले नेपाळचे लोकही होते. रेल्वेच्या अशा दाव्यांसाठी १९८७ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. त्याची महाराष्ट्रातली पीठे मुंबई आणि नागपूर इथे. मृत्यूची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख आहे आणि मुदत एक वर्षाची. गाडीतून चुकून पडणाऱ्या प्रवाशाबाबत रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही, हे २००८ साली ठरले. अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा जात नाही, हे २०१८ साली ठरले. पण आत्महत्या किंवा स्वतःहून ओढवलेली इजा असेल तर भरपाई नाही. म्हणून "उडी मारली" आणि "जीव वाचवायला उतरले" यांतला फरक पहिल्याच जबाबात यावा लागतो.

आणि जिथे मारणारे माणसांचे हात असतात तिथे? ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात मच्छी बाजार भागातल्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. अशा वेळी आपण पहिली मागणी चौकशी आयोगाची करतो. ती रास्त आहे. पण १९५२ च्या कायद्याखालचा आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. तो अहवाल देतो. भरपाईचा हुकूम देत नाही आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकारी यंत्रणेच्या हातून झालेल्या बेकायदा मृत्यूबद्दल घटनात्मक भरपाईचा मार्ग १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला. पोलीस कोठडीतून नेलेला मुलगा रुळांवर मृत सापडला, म्हणून ओडिशातल्या एका आईला न्यायालयाने दीड लाख रुपये देवविले. तिने न्यायालयाला लिहिलेले पत्रच याचिका म्हणून घेतले गेले होते.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. सोळा दिवसांनी, १७ जुलै रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्धचा आपला मोठा निकाल दिला आणि राज्यांनी वारसांसाठी भरपाई योजना करावी, तातडीची मदत तीस दिवसांत द्यावी, असे सांगितले. राईनपाड्याचे मृत आपल्या समाजाचे नव्हते. पण अफवेला जात-धर्म कळत नाही आणि विधवेच्या अर्जालाही नसतो.

वकील कोण देणार?

गरिबाला वकील कोण देणार, हा प्रश्न आपल्या भागात जुना आहे. १९४९ साली, खानदेश मुंबई राज्यात असताना, त्या सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेशीर मदतीसाठी समिती नेमली होती. सत्तरच्या दशकात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हा विचार पुढे नेला. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मोफत कायदेशीर मदत घटनेच्या ३९-अ कलमात आली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

या कायद्याचे बारावे कलम आपल्या प्रत्येक मशिदीच्या फलकावर लावावे असे आहे. बाई असेल तर तिचे उत्पन्न किती हे विचारायचे नाही. मूल असेल तरीही नाही. औद्योगिक कामगार, मोठ्या दुर्घटनेचे, वांशिक हिंसेचे बळी, हे सारे त्यात आहेत. म्हणजे अपघातात गेलेल्या माणसाची विधवा आणि तिची लेकरे जवळजवळ नेहमीच मोफत वकिलास पात्र ठरतात. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, गावात जाऊन अर्ज लिहून देणारे विधी स्वयंसेवक आहेत. १५१०० हा फोन नंबर आहे. तरीही आपली बाई आधी एजंटकडे जाते. तो चौथा हिस्सा घेतो आणि उपकारही चढवतो.

आपल्या उंबऱ्याच्या आतले

आता काही गोष्टी आपणच आपल्याला सांगायच्या आहेत.

पहिली शवविच्छेदनाची. चीरफाड नको, लवकर दफन व्हावे, ही भावना मी समजू शकतो. पण अहवाल नसेल तर मृत्यू कशाने झाला हेच सिद्ध होत नाही आणि दावा पहिल्याच पायरीवर अडतो. न्यायाच्या गरजेसाठी त्याला मुभा देणारे उलेमा आहेत. शिवाय नोव्हेंबर २०२१ पासून, सोय असलेल्या रुग्णालयात सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येते. काही गंभीर गुन्ह्यांची प्रकरणे सोडून. म्हणजे दफनाला सकाळची वाट पाहावीच लागते असे नाही.

दुसरी इद्दतीची. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. इद्दत संपेपर्यंत कोणी कागदाला हात लावला नाही, तर हाती दोन महिनेसुद्धा उरत नाहीत. या मुदतीलाच आव्हान दिले गेले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ उशिरामुळे दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी घर बांधू नये. गरजेसाठी दिवसा बाहेर पडायला फिकहमध्ये वाट आहे, आणि वकीलपत्रावर सही तर घरातही होते.

तिसरी सगळ्यात नाजूक. बाप आजोबांच्या आधी गेला आणि चुलते हयात असले, तर आपल्या वारसा कायद्यात त्या अनाथ नातवंडांना आजोबांच्या मालमत्तेत हिस्सा येत नाही. आजोबांनी वसीयत केली तर वेगळे. ती किती जण करतात? अशा लेकरांच्या वाट्याला येणारी एकमेव मोठी रक्कम म्हणजे बापाच्या मृत्यूची भरपाई. ती चुलत्यांच्या कर्जात किंवा घराच्या स्लॅबमध्ये जाऊ नये म्हणून न्यायाधिकरणे विधवेचा आणि अज्ञान मुलांचा पैसा बँकेत मुदतठेवीत ठेवायला लावतात. विधवेने दुसरा निकाह केला तर तिचा हक्क जातो असे तिला घाबरवले जाते. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की पुनर्विवाहाने मोटार अपघाताचा दावा बाद होत नाही.

चौथी गोष्ट माझ्या पेशाची. गुणक वयावरून ठरतो आणि वय कशावरून? ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका दाव्यात आधार कार्डावरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. माझ्यासारख्या उर्दू शाळेतल्या शिक्षकाला याचा अर्थ चांगला कळतो. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये शेख आहे, दाखल्यावर शेक झाले, आधारवर आडनावच गळाले, बँकेत बापाचे नाव आधी आले. मूल पहिलीत दाखल होते तेव्हा जूनची एक तारीख ठोकून आपण मोकळे होतो. वीस-पंचवीस वर्षांनी कुठल्या तरी न्यायाधिकरणात तीच तारीख त्या मुलाच्या मुलांसाठी साक्ष देते. पाचवी पास होऊन मागावर बसलेल्या मुलाची शाळेतली ती एक ओळ, हाच कधी कधी त्याच्या आयुष्याचा एकमेव सरकारी पुरावा असतो.

राहिला "खून का सौदा". चुकून झालेल्या हत्येची दियत मृताच्या घरच्यांना द्यावी, हा हुकूम सूरह निसामध्ये आहे. माफ करायचा अधिकारही घरच्यांचाच. मालकाचा नाही, पंचांचा नाही, पुढाऱ्याचा नाही. आजचा कायदा आणि दियत या एकच गोष्टी नव्हेत. पण मेलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोणाकडे तरी आहे आणि ती त्याच्या लेकरांपर्यंत पोचली पाहिजे, हा विचार दोन्हीकडे आहे. ज्या घराला माफ करायचे असेल त्याने खुशाल माफ करावे. पण आपला हक्क किती होता ते समजून घेऊन करावे. न समजता सोडले तर ते माफ करणे नव्हे, हिरावले जाणे आहे.

१८५५ पासून आजपर्यंत कायदा पुष्कळ पुढे आला. चूक सिद्ध करण्याचे ओझे कमी झाले, रकमा वाढल्या, वकील फुकट झाला. न बदललेली गोष्ट एकच: पहिल्या तीन दिवसांत घरात दुःखाखेरीज दुसरे काही सुचत नाही आणि नेमके त्याच तीन दिवसांत पंचनामा, जबाब आणि शवविच्छेदन होऊन जाते. त्या घरातल्यांनी हे करावे अशी अपेक्षा ठेवणे निर्दयपणाचे आहे. ते शेजाऱ्याचे काम आहे. आपल्या मोहल्ल्यात कबर खोदायला, गुस्ल द्यायला, जेवण पोचवायला माणसे आपसूक उभी राहतात, कोणाला सांगावे लागत नाही. त्यांच्यात आणखी एकाची भर पडावी: पोलीस ठाण्यात जाऊन फिर्यादीची प्रत आणणारा, जबाब वाचून मगच सही करू देणारा, आणि विधवेचा अर्ज मुदतीच्या आत पोचवणारा.

मय्यतीला खांदा देणे हे आपण फर्ज मानतो. तिच्या मागे राहिलेल्या कागदांनाही कोणी तरी खांदा द्यायला हवा.